कमलाकांतभाऊंची साडेचारकी

आमच्या फणसवाडीत वेडी माणसं पुष्कळ होती, पण ज्याचं वेड त्याच्या खोलीपुरतं असायचं. कुणी पत्त्यांत बुडालेला, कुणी बाजाच्या पेटीत, कुणी सकाळ-संध्याकाळ आरशासमोर. कमलाकांत वेळकरांचं वेड मात्र तिसऱ्या मजल्यावर सुरू झालं आणि जिना उतरून सगळ्या वाडीत पसरलं. ते वेड होतं गॅलनचे लिटर करण्याचं. असल्या वेडानं कुणाचं काय बिघडणार, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

कमलाकांतभाऊ पाठारे प्रभू. वाडवडिलांची गिरगावात कधीकाळी जमीन होती म्हणतात. भाऊंच्या वाट्याला त्यातून दोन भाड्याच्या खोल्या आणि चांगलंचुंगलं खाण्याची आवड एवढंच आलं. ठेंगणी मूर्ती, पांढरं स्वच्छ धोतर, काळा कोट आणि कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ. फोर्टातल्या एका पंप विकणाऱ्या पेढीत ते एस्टिमेट काढायचे. कुठल्या बंगल्याला, कुठल्या कारखान्याला केवढा पंप लागेल, मिनिटाला किती गॅलन, तासाला किती गॅलन, यात त्यांचा जन्म गेला होता. मी दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या बरोबर खाली राहायचे. शाळेत शिकवून दमून घरी यावं, तर वरून भाऊंचा आवाज यायचा आणि शाळा पुन्हा सुरू झाल्यासारखी वाटायची.

हे सगळं एकोणसाठ सालचं. नवे पैसे येऊन दोन वर्षं झाली होती, तरी भाजीवालीशी आण्याचं भांडण रोजच्या रोज होत होतं. मग शेर जाऊन किलो आला. मग भाऊंच्या पेढीत हुकूम आला की यापुढे पाणीसुद्धा लिटरमध्ये सांगायचं. बाकीच्या कारकुनांनी कपाळाला हात लावला. भाऊ मात्र त्या संध्याकाळी घरी आले ते नवं स्थळ बघून आल्यासारखे. पन्नाशीत नवऱ्याचं डोकं फिरलं की बायकोला सगळ्यांच्या आधी कळतं. सुमतीवहिनींना ते चहाबरोबरच कळलं.

"सुमती, हा कप भरायला तुला किती वेळ लागला?"

"का? उशीर झाला?"

"तसं नव्हे. कपात पाणी किती ते कुणीही सांगेल. किती वेळात किती, हे सांगता आलं पाहिजे. वेळ सोडून सांगितलेलं पाणी म्हणजे अर्धवट निरोप."

"मग पूर्ण निरोप ऐका," वहिनी म्हणाल्या, "चहा निवतोय."

पण भाऊ ऐकणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते घड्याळ आणि खुणा केलेला डबा घेऊन अंगणातल्या नळावर उभे राहिले. नळावर बायकांची ही रांग, आणि भाऊ म्हणताहेत, जरा थांबा, मिनिटाला दीड गॅलन म्हणजे पावणेसात लिटर. बायकांनी त्यांना बाजूला केलं, पण हाताला धरून, प्रेमानं. त्यानंतर त्यांच्या तडाख्यातून काही सुटलं नाही. दूधवाल्याची धार, रसवाल्याचं यंत्र, चौपाटीवरचा शहाळेवाला. एकट्या कोळिणीनं दाद दिली नाही. ती वाट्यावर मासे विकायची, आणि वाट्याचे लिटर होत नाहीत म्हणाली.

त्या काळी वाडीत दिवेलागणीला परवचा व्हायचा. शुभंकरोती झालं की मुलं व्हरांड्यात ओळीनं बसून पाढे म्हणायची, आणि पाढ्यांच्या मागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि शेवटी औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. एके दिवशी औटकी संपते न संपते तोच भाऊंनी खुर्ची पुढे ओढली आणि परवच्याला नवं शेपूट लावलं. साडेचारकी. साडेचार एके साडेचार, साडेचार दुणे नऊ, साडेचार त्रिक साडेतेरा, साडेचार चोक अठरा. चालही त्यांनीच बसवली होती, आणि खोटं कशाला बोलू, चांगली होती. एका गॅलनचे साडेचार लिटर होतात, आणि वर थोडंसं उरतं. ते उरलेलं भाऊ सोडून द्यायचे. "वरचे थेंब देवाला," म्हणायचे.

चाल चांगली असली की पाढा तोंडात बसतो. महिन्याभरात तो मुलांच्या तोंडून बायकांच्या तोंडी गेला, बायकांच्या तोंडून पुरुषांच्या. पोळ्या लाटताना साडेचारकी, दाढी करताना साडेचारकी. वाडीच्या नळांची कामं करायला वरळीच्या बीडीडी चाळीतून लवू फिटर यायचा, मालवणकडचा, गिरणीत पंपांवरच कामाला असलेला. तो नट आवळताना साडेचारकी म्हणायला लागला. भाऊंनी दुसरा कायदा काढला की वाडीत गॅलन हा शब्द उच्चारायचा नाही. जो उच्चारील त्यानं उभं राहून पाढा पहिल्यापासून म्हणायचा. झालं असं की लोक गॅलन म्हणेनात, आणि लिटर म्हणायला कुणाची जीभ वळेना. मग सगळे नुसता आकडा सांगायला लागले. भाऊंना वाटलं, वाडी सुधारली.

आता सुमतीवहिनींकडे वळते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

वेळकरांची एकुलती एक मुलगी शकू दादरला दिलेली. सासर शिवाजी पार्कला, ब्लॉकमध्ये राहणारं, घरात नळ, घरात न्हाणीघर. दिवाळीच्या आसपास शकूला सातवा लागला. वहिनींनी डोहाळजेवण केलं, आणि त्याला शकूच्या सासूबाई उर्मिलाबाई आल्या. बाई उंच, सरळ आणि दिलेल्या शब्दाला पक्क्या. तीन मजले चढून वर आल्या, दम घेतला, आणि त्यांनी बघितलं की हात धुवायचं पाणी वहिनींनी अंगणातून कळशीनं वर आणलेलं आहे. जेवण झालं, विडा झाला, आणि मग त्या बोलल्या.

"विहीणबाई, राग मानू नका. बाळंतिणीला रोजचं न्हाणं, बाळाला न्हाणं, लंगोट, दुपटी. तुमचे गुडघे दुखतात हे मला दिसतंय. इतकं पाणी वर कोण आणणार? वर पाणी आलं तर शकूला खुशाल न्या. नाही आलं तर बाळंतपण दादरलाच होईल."

त्यांचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. पण वहिनींचा चेहरा मला अजून आठवतो. वहिनींची आई त्या लहान असतानाच गेलेली. शकू झाली ती सासरी, सासूच्या शिस्तीत. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणं म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्या बायकांकडून ऐकूनच माहीत होतं. आपल्याला मिळालं नाही ते लेकीला द्यायचं, एवढी एकच गोष्ट त्या बाईनं आयुष्यात देवापाशी मागितली होती. त्या दिवशी भांडी घासताना त्या माझ्याजवळ रडल्या. म्हणाल्या, "नलू, पाण्यापायी अडलं गं."

भाऊंनी ते आतून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विहिरीवर उभे होते.

आमच्या वाडीत अंगणाच्या मधोमध विहीर होती. नळाचं पाणी पिण्याला, विहिरीचं न्हाण्याधुण्याला. विहिरीच्या दोन बाजूंना दोन चाळी, आणि दोन्ही चाळींचं कशावरही एकमत नव्हतं. विहिरीवर पंप बसवून गच्चीवर टाकी बांधावी ही कल्पना जुनी होती, पण टाकी कुणाच्या गच्चीवर यावर ती दरवेळी अडायची. या वेळी भाऊंनी शामरावांना हाताशी धरलं. शामराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले, संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पंधरा दिवस आत जाऊन आलेले, आणि तेव्हापासून बसल्या जागी भाषण करणारे. त्या दिवसांत संयुक्त म्हटल्याशिवाय कशालाही वजन यायचं नाही. शामरावांनी संयुक्त पाणी समिती काढली, अंगणात सभा घेतली, आणि भिंतीवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' होतं त्याच्या खाली गेरूनं लिहिलं, 'पाणी वर चढलंच पाहिजे.' असं लिहिल्यावर विरोध करणार कोण? ज्यानं केला असता तो द्विभाषिकवाला, म्हणजे महाराष्ट्राचा वैरी, ठरला असता. ठराव पास झाला.

टाकी आमच्या चाळीच्या गच्चीवर उभी राहिली. मग भाऊंनी विहिरीचं माप काढलं. दोरीला गाठी मारून, पाणी उपसून, ते पुन्हा किती वेळात चढतं ते घड्याळ लावून पाहिलं. झरे तासाला तीनशे गॅलन देत होते. पंपानं त्याहून जास्त ओढायचं नाही, नाहीतर विहीर कोरडी पडेल. तीनशेचे लिटर साडेतेराशे. तासाला साडेतेराशे लिटरचा लहानसा पंप. हिशेब चोख होता. पण त्याच दिवशी पेढीनं भाऊंना नाशिकला पाठवलं. निघताना जिन्यात शामराव भेटले, त्यांना भाऊ घाईघाईत म्हणाले, "साडेतेराशे. लवूला सांगा, आणि पंप आणायला लावा."

आता हे काय झालं ते आम्हाला पुढे कळलं, पण मी आत्ताच सांगते. वाडीत प्रत्येकाला साडेचारकी येत होती, आणि प्रत्येकाला खात्री होती की ती दुसऱ्याला येत नाही. शामरावांना वाटलं, कमलाकांत गडबडीत होता, जुन्या सवयीनं गॅलन सांगून गेला. आपण लिटर करून ठेवू, त्याला बरं वाटेल. साडेतेराशे साडेचार सहा हजार, वरचे थेंब देवाला. त्यांनी लवूला सांगितलं, सहा हजार. लवूला वाटलं, म्हातारा टपालखात्यातला, याला लिटर कुठून येणार. त्यानंही गुणलं. गिरणीत लाखाच्या हिशेबात पाणी ओढणाऱ्या माणसाला आकडा मोठाही वाटला नाही.

भाऊ शनिवारी परतले, तोवर पंप बसला होता. विहिरीजवळ पत्र्याची खोपटी, तिला शामरावांचं कुलूप. रविवारी सकाळी उद्घाटन होतं. वहिनींनी मुद्दाम शकूला आणि उर्मिलाबाईंना बोलावलं होतं. वर कोलंबीचं भानोलं, पुऱ्या, खीर, सगळं तयार. दोन्ही चाळींचे लोक अंगणात. शामरावांनी खोपटी उघडली, आणि आत जास्वंदीची माळ घातलेला एक पंप असा बसला होता की भाऊ एक पाऊल मागे सरले.

"जरा अंगानं भरलेला दिसतोय," भाऊ म्हणाले.

"परदेशी आहे," शामराव म्हणाले. "परदेशी तसेच असतात."

लवूची छाती फुगली होती. "भाऊनू, बोटीवरचो पंप आसा. हेच्यासाठी अख्खो भायखळा पालथो घातलंय."

भाऊ आणखी काही विचारणार, तोच नारळ फुटला. लवूनं खटका दाबला आणि टाकी बघायला गच्चीवर धावला. शामरावांनी, मुलं हात लावतील म्हणून, खोपटीला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. टाकी भरायला दीड तास लागणार असं भाऊंनीच सांगितलेलं होतं. तेव्हा शामराव निवांत तिसऱ्या मजल्यावर पाहुण्यांच्या पंगतीत जाऊन बसले.

टाकी पाच मिनिटांत भरली. मग पाणी जायचं कुठे? ते गच्चीवरून खाली आलं. आधी पागोळ्यांसारखं आलं, मग चादरीसारखं. अंगणातल्या लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलं खाली जाऊन उभी राहिली. वर लवू गच्चीवरून हातवारे करत ओरडत होता, आणि लोक त्याला हात हलवून उत्तर देत होते. वाळत घातलेले पापड गेले, सतरंज्या गेल्या, शामरावांचा भिंतीवरचा गेरू ओघळून वाहायला लागला. पंगतीत शामरावांनी गलका ऐकला आणि उर्मिलाबाईंना सांगितलं, "ऐकताय ना? जनतेचा उत्साह." मग जिन्यातून पाणी उंबऱ्यापाशी आलं, तेव्हा त्यांना उत्साहाचा अर्थ कळला.

ते पुरीचा घास तोंडात घेऊन खाली धावले. जिना निसरडा, वरून पाणी, खालून माणसं, आणि जानव्याची ओली गाठ सुटता सुटेना. कुलूप उघडेपर्यंत पंपाचा आवाज बदलला होता. तो घुर्र करत होता, आणि मग खाकरल्यासारखं करून थांबला. भाऊंनी विहिरीत डोकावून पाहिलं. तळाशी चिखल होता.

लवू भिजून चिंब होऊन खाली आला. भाऊंनी त्याला शांतपणे विचारलं, "लवू, हा कितीचा आहे?"

"सत्तावीस हजाराचो."

"तुला कुणी सांगितलं?"

"शामरावांनी सहा हजार सांगल्यानी. माका वाटला, तेंका काय साडेचारकी येवची नाय. म्हणान मीच गुणलंय."

भाऊंनी शामरावांकडे पाहिलं. शामरावांनी आकाशाकडे पाहिलं. "तू साडेतेराशे म्हणालास," ते म्हणाले. "मला वाटलं, गडबडीत गॅ... ते सांगून गेलास."

"मी लिटर सांगितले होते, शामराव."

मला हसू आवरेना, आणि मी पदर तोंडात धरला. कारण वर खिडकीत वहिनी उभ्या होत्या. त्यांना बाकी काही ऐकू गेलं नसेल, पण विहिरीभोवतीची माणसं कशी उभी आहेत ते दिसत होतं. त्यांना कळलं की पाणी नाही. त्या खिडकीतून आत गेल्या.

भाऊ जड पावलांनी वर गेले आणि त्यांनी उर्मिलाबाईंसमोर हात जोडले. मीही मागोमाग गेले होते. "चूक माझी आहे," भाऊ म्हणाले. "मी सगळ्यांना गुणायला शिकवलं. थांबायला शिकवलं नाही."

उर्मिलाबाईंच्या लुगड्याचे काठ भिजले होते, तरी त्या रागावल्या नाहीत. त्यांचं न रागावणंच जास्त लागलं. "व्याही, तुम्ही मनापासून केलंत," त्या म्हणाल्या. "पण ठरलं ते ठरलं. ऊन उतरलं की मी शकूला घेऊन निघते." शकूनं आईकडे पाहिलं. वहिनी भानोल्याचे तुकडे पानात नीट मांडत राहिल्या, जसं काही त्यांनी ऐकलंच नव्हतं.

इकडे खाली वेगळीच गंमत सुरू झाली होती. विहीर तळापर्यंत उपसली गेली नव्हती त्याला कित्येक वर्षं झाली होती. चिखलात काही चकाकत होतं म्हणून लवू दोराला धरून खाली उतरला, आणि वर हाक आली, "टोपली सोडा." टोपलीतून तांब्या आला. मग कळशी आली. मग पोहरे, लोटे, एक घागर, आणखी कळशा. दोन्ही चाळींच्या बायकांच्या हातून दोराच्या गाठी सुटून जे जे म्हणून बुडालं होतं ते सगळं एकामागून एक वर यायला लागलं. आणि आपल्याकडे भांड्यावर नाव घातलेलं असतंच. चिखल पुसला की नाव दिसायचं. "ही माझ्या सासूबाईंची." "हा आमच्या रुखवतातला." माझ्या आईचा तांब्यासुद्धा निघाला. पहिल्या मजल्यावरच्या लक्ष्मीबाई आणि समोरच्या चाळीतल्या रखमाबाई कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, कारण लक्ष्मीबाईंची पितळी कळशी नाहीशी झाली होती आणि संशय रखमाबाईंवर होता. ती कळशी टोपलीतून वर आली. लक्ष्मीबाईंनी नाव वाचलं, दोनदा वाचलं, आणि कळशी घेऊन तडक रखमाबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"विहिरीत होती," त्या म्हणाल्या.

"मग मी काय सांगत होते?" रखमाबाई म्हणाल्या. दोघीही रडल्या आणि दोघीही हसल्या. मग चिंच घेऊन कळशी घासायला एकत्रच बसल्या.

चिखल काढला म्हणून पुढे झरे मोकळे झाले आणि विहिरीला पूर्वीपेक्षा जास्त पाणी आलं, हे खरं आहे. लवूनं तो पंप बदलून लहान आणला हेही खरं. पण ते सगळं नंतर. त्या दिवशी विहिरीत फक्त चिखल होता, आणि ऊन उतरायला लागलं होतं.

चार वाजता अंगणातल्या नळाला पाणी आलं. पाहुण्या निघायच्या आधी हातपाय धुतील म्हणून वहिनी रोजच्यासारखी कळशी घेऊन जिना उतरायला लागल्या. पहिल्या मजल्यावर लक्ष्मीबाई उभ्या होत्या. त्यांना वरची हकिगत माझ्याकडून कळली होती. पोटात ठेवणं मला कधी जमलेलं नाही. त्यांनी वहिनींच्या हातातली कळशी काढून घेतली. "वर जा," त्या म्हणाल्या. "आणि दारात उभ्या राहा."

त्यांनी खाली हाक मारली. रखमाबाई नळावर बसल्या. नळापासून जिन्यापर्यंत समोरच्या चाळीतल्या बायका, जिन्यात आमच्या चाळीतल्या, मधल्या वळणावर शामराव आणि लवू, आणि वरच्या टोकाला, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात, मी. घासून लख्ख केलेल्या त्या विहिरीतल्या कळशा हातोहात वर यायला लागल्या. भरलेली वर, रिकामी खाली. कुणी ठरवलं नव्हतं. सगळ्यांच्या हातात आपापलं हरवलेलं भांडं होतं, आणि ते ज्याच्या चुकीमुळे मिळालं त्याच्या घरचं पाणी अडलं होतं. दुसरं काय करणार?

उर्मिलाबाई पदर सावरून निघाल्या होत्या. शकू त्यांच्या मागे. दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या, कारण जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी खालून आलेली भरलेली कळशी वर सरकवली. माझ्या वर उर्मिलाबाईच होत्या. कळशी त्यांच्या पोटाशी आली. आता भरलेली कळशी समोर आल्यावर बाई काय करणार? त्यांनी ती धरली, वळल्या, आणि वर दारात उभ्या असलेल्या वहिनींच्या हातात दिली. पाठोपाठ दुसरी आली. तीही दिली. तिसरीला त्यांनी लुगड्याचा ओचा खोचला. पाचव्या-सहाव्या कळशीला त्या मला म्हणाल्या, "बाई, हिंदकळवू नका. निम्मं पाणी पायरीवर सांडतंय."

जिन्यात बायका एकत्र आल्या की हातांबरोबर तोंडंही चालतात. खालून लक्ष्मीबाई म्हणत होत्या की बाळाला न्हाऊ घालायला मी येईन, माझा हात हलका आहे. कुणी म्हणालं, शेगडी माझ्याकडची. कुणी डिंकाचे लाडू वाटून घेत होतं, कुणी रात्रीचं जागणं. मालिशवाल्या बाईला सांगून ठेवायची जबाबदारी रखमाबाईंनी खाली नळावर बसूनच उचलली. शकू काय खाईल, तिला काय आवडत नाही, ती लहानपणी या जिन्यावरून कशी घसरली, सगळं बोलून झालं. शकू वरच्या पायरीवर बसून ऐकत होती आणि हसत होती. उर्मिलाबाईही ऐकत होत्या. कळशा देत होत्या आणि ऐकत होत्या. शेवटी आलेली एक कळशी त्यांनी वर दिलीच नाही. ती कमरेवर घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या.

"विहीणबाई," त्या वहिनींना म्हणाल्या, "माझ्या घरी नळ तीन आहेत. बाळंतिणीचं करायला माणसं दोन. मी आणि एक गडी." त्यांनी कमरेवरची कळशी सावरली. "शकूला आज इथेच राहू दे. तिची ट्रंक मी उद्या पाठवते."

वहिनींनी दोन्ही हातांनी उर्मिलाबाईंचा हात धरला, कळशीसकट धरला, आणि लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. भाऊ दाराच्या आत घड्याळ हातात घेऊन उभे होते. मला वाटलं, आता आकडा सांगणार. पण त्यांनी घड्याळ मिटून खिशात टाकलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

खाली नळावर रखमाबाईंच्या हातात भरलेली कळशी तशीच राहिली होती. त्यांनी अंगणातून हाक मारली, "काय गं, वर का थांबलं?"

उर्मिलाबाई कठड्यावरून वाकल्या. "बाळंतपण इथे ठरलं, म्हणून थांबलं होतं," त्या म्हणाल्या. "पाठवा आता."